रॉड्रिग्ज म्हणजे कोणाचा कोण? एका गॉथिक नावाची वसई-गोव्यापर्यंतची वाट

कौलारू

३० ऑक्टोबर २०२५ची रात्र आठवतेय ना? नवी मुंबई, महिला विश्वचषकातली ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य लढत, ३३९चं लक्ष्य आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. आमच्याकडे शेवटची काही षटकं कोणी जागचं हललं नाही. जागा बदलली की विकेट जाते, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक आहेच.

सामना संपला, डोळे पुसून झाले, आणि लेकीनं (वय ९) विचारलं, "बाबा, रॉड्रिग्ज म्हणजे काय?" म्हटलं, आडनाव. "ते कळलं हो! पण कुलकर्णी म्हणजे गावाचे हिशेब ठेवणारा, जोशी म्हणजे ज्योतिष सांगणारा, असं तुम्हीच सांगता. तसं रॉड्रिग्ज म्हणजे काय?"

"पोर्तुगीज आहे" म्हणून वेळ मारून नेली. पण चुटपुट लागून राहिली, म्हणून वाचत गेलो आणि पोर्तुगीज हे उत्तर अर्धंच आहे असं लक्षात आलं. जेवढं हाती लागलं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

शेवटाकडून सुरुवात करू. रॉड्रिग्जमधला शेवटचा '-एस' म्हणजे आपला 'चा'. रॉड्रिगो हे नाव, रॉड्रिगेस म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा किंवा मुलगी. स्पॅनिशमध्ये तेच '-एझ' होतं: रॉद्रिगेस/रॉद्रिगेझ, फर्नांडिस/फर्नांदेझ, गोन्साल्विस/गोन्सालेझ. मध्ययुगात हे आडनाव नव्हतंच, आपण मधलं नाव लावतो तसं वडिलांचं नाव होतं आणि दर पिढीला बदलायचं. स्पेनचा प्रसिद्ध योद्धा एल सिद (मृत्यू १०९९) घ्या. त्याचं खरं नाव रॉद्रिगो दियाझ, कारण वडील दिएगो. त्याला मुलगा झाला त्याचं नाव दिएगो रॉद्रिगेझ. आजोबांचं नाव नातवाला, बापाचं नाव मागे. मुली क्रिस्तिना रॉद्रिगेझ आणि मारिया रॉद्रिगेझ. म्हणजे एकाच घरात बाप दियाझ आणि मुलं रॉद्रिगेझ! पुढे मध्ययुग सरता सरता हे फिरणं थांबलं आणि ज्या पिढीत जे होतं ते आडनाव म्हणून गोठलं.

आता मुळातला रॉड्रिगो. हे नाव लॅटिन नाही, ग्रीक नाही, बायबलमधलं तर नाहीच नाही. ते जर्मानिक आहे, म्हणजे जर्मन, इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या त्या कुळातलं. रोमन साम्राज्य ढासळताना जर्मानिक टोळ्या आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात उतरल्या. वायव्येला, म्हणजे आजच्या गॅलिसिया आणि उत्तर पोर्तुगालात, सुएबी. नंतर बाकी सगळीकडे व्हिसिगॉथ (गॉथांचीच एक शाखा), त्यांची राजधानी तोलेदो. त्यांच्या नावांत दोन शब्द जोडलेले असत. 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती आणि 'रीक्स' म्हणजे सत्ताधीश. ह्रोथ-रीक्सचं लॅटिन कागदांत रोदेरिकुस झालं, त्याचं रॉद्रिगो.

याच नावाचा राजा व्हिसिगॉथांचा शेवटचा. ७११ साली मुस्लिम सेनापती तारिक इब्न झियाद उत्तर आफ्रिकेतून सामुद्रधुनी ओलांडून आला आणि ग्वादालेतेच्या लढाईत रोदेरिकचं राज्य गेलं. जिब्राल्टर हे नाव याच तारिकवरून पडलं, जबल तारिक, म्हणजे तारिकचा डोंगर. हरलेल्याचं नाव मात्र लाखो लोकांच्या आडनावात राहिलं. मला तर हीच गोष्ट सगळ्यात गमतीची वाटली.

सुकेळी

कौलारू, धाग्याबद्दल आभार! मी वसईची, माहेरचं आडनाव हेच. लहानपणापासून शाळेत "तुमचं नाव पोर्तुगीज ना, मग तुम्ही पोर्तुगीज का?" हे ऐकत आलेय. आता सांगेन, पोर्तुगीज कसले, गॉथ! (हलके घ्या.)

आमच्या घरात या आडनावाचा एक वेगळाच जाच आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'रॉड्रीक्स', वडिलांच्या पासपोर्टवर शेवटी 'एस' आणि जमिनीच्या एका कागदावर शेवटी 'झेड'. एका कचेरीत वडिलांना तीन वेळा परत पाठवलं, "हे तिघे वेगळे इसम आहेत" म्हणून. शेवटी प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं की मी, माझे वडील आणि माझ्या वडिलांचं स्पेलिंग हे सर्व एकच आहेत.

माझा प्रश्न असा, की 'झेड'वालं स्पेलिंग स्पॅनिश आहे का? आमच्याकडे स्पॅनिश कुठून आलं?

पोर्तोवासी

@सुकेळी, स्पॅनिश नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज कागदांत 'झेड' आणि 'एस' दोन्ही सर्रास सापडतात. फर्नांदेझ, लोपेझ, रॉद्रिगेझ असं पोर्तुगीज माणूसच लिहायचा. 'एस' पक्का झाला तो बराच नंतर. त्यामुळे जमिनीच्या कागदावरचा 'झेड' ही कारकुनाची चूक असेलच असं नाही.

आणखी एक, वंशावळ शोधणाऱ्यांच्या उपयोगाचं. जुन्या हस्तलिखितांत हे आडनाव पूर्ण लिहायचा कंटाळा करत. 'रोइझ' असं आखूड लिहायचे, वर एक छोटी रेघ. आपण 'चिरंजीव'चं 'चि.' करतो तसं. नवखा माणूस ते वेगळंच आडनाव समजतो आणि वंशवृक्षाची एक फांदी तिथेच तुटते. तुमच्याकडे जुन्या बाप्तिस्मा नोंदींच्या प्रती असतील तर 'रोइझ' नजरेखालून घाला.

उच्चाराचं सांगायचं तर इथे पोर्तुगालात कोणी रॉड्रिग्ज म्हणत नाही. पहिला 'र' घशातून, 'ओ'चा जवळजवळ 'उ' आणि शेवटी 'श'. कानाला 'रुद्रीगश' असं काहीतरी ऐकू येतं. मी पहिल्या आठवड्यात बँकेत नंबर लावून बसलो होतो. 'सेन्योर रुद्रीगश' असा पुकारा झाला आणि मला वाटलं कोणी आपल्याकडचे रुद्र आडनावाचे गृहस्थ आलेत.

मूळपुरुष

पोर्तोवासी यांनी नकळत खरं बोलून टाकलं! रुद्रीगश म्हणजेच रुद्रेश. शिवाचं नाव. पाश्चात्त्य विद्वान हे कधीच मान्य करणार नाहीत. गॉथ वगैरे नंतरचं, मूळ संस्कृतच.

घाटवळण

चहा टाकतो. कोणाकोणाला हवाय?

अनुनासिक

@मूळपुरुष, उच्चार आजचा घेऊन व्युत्पत्ती करायची नसते, जितकं जुनं रूप मिळेल तितकं घ्यायचं. या नावाची जुनी रूपं पाहा. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) ह्रोरेकर, जुन्या इंग्रजीत ह्रेथ्रिक, जुन्या जर्मनमध्ये ह्रोद्रिख. फ्रँक लोकांची नावं लिहिणारे लॅटिन कारकून तर सुरुवातीला चक्क 'ख्र' सारखं काहीतरी लिहितात. सगळीकडे 'र'च्या आधी 'ह' आहे. तो लॅटिन जिभेला झेपला नाही म्हणून आयबेरियात गळाला. रुद्रमध्ये हा 'ह' कुठून आणणार?

पण तुम्हाला अगदी रिकाम्या हातानं पाठवत नाही.

हा 'ह' आला कुठून? जर्मानिक भाषांत फार पूर्वी एक नियमित बदल झाला, मूळ 'क'चा 'ह'. आपल्याकडे 'क्रव्य' म्हणजे कच्चं मांस, ते खाणारा 'क्रव्याद'. तोच शब्द जुन्या इंग्रजीत 'ह्रेआव', आणि 'ह' गळून आजचा इंग्रजी 'रॉ', म्हणजे कच्चा. क्र, ह्र, र अशी पायरी. आता हीच पायरी ह्रोथला उलटी लावा. र, ह्र, क्र. मूळ धातू 'स्तुती करणे, नाव घेणे' या अर्थाचा. संस्कृतात त्याच धातूतून 'कीर्ती' आणि 'कारु' म्हणजे स्तुती गाणारा. वेदात 'कारु' आहेच.

'रीक्स'चं नातं तर उघड आहे. लॅटिन 'रेक्स', संस्कृत 'राज्'. म्हणजे रॉड्रिगोचे दोन्ही अवयव संस्कृतात ठेवले तर काय होतं? कीर्ति-राज. कीर्तिराज नावाचे दोन जण तर माझ्याच ओळखीचे आहेत.

मूळपुरुष

म्हणजे संस्कृतच की!

अनुनासिक

नाही हो. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे. दोघांचे आजोबा एक, इतकंच. शिवाय 'रीक्स' हा शब्द गॉथांच्या घरचासुद्धा नाही. मूळ स्वर दीर्घ 'ए'. तो जर्मानिकमध्ये 'ए'च राहायला हवा होता. 'ए'चा 'ई' करतात केल्टिक भाषा. म्हणून जर्मानिक लोकांनी हा शब्द केल्टांकडून उसना घेतला असं मानतात. सीझरशी लढलेला गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा वेर्किंगेतोरिक्स आठवा, शेपटाला तोच रिक्स. जर्मन 'राइख' हाही त्याच उसनवारीतला.

आणि 'राजा' हा अर्थ थोडा सैलच आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबल गॉथिकमध्ये उतरवलं. त्यात राजासाठी शब्द 'थिउदान्स'. 'रेइक्स' वापरलाय तो अधिकारी, सरदार यांच्यासाठी. तेव्हा कीर्तिराज म्हणण्यापेक्षा 'नावाजलेला सरदार' जास्त जवळचं. त्याच भाषांतरात 'ह्रोथेइग्स' हा शब्दही येतो, विजयी अशा अर्थी.

यातही एक पाचर आहे. जर्मानिक लोक नावं अर्थ बघून जोडतच असं नाही. आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक तुकडा, झालं बाळाचं नाव. आपल्याकडे हल्ली आईबाबांची पहिली अक्षरं जोडून नावं ठेवतात तसंच. त्यामुळे प्रत्येक रॉड्रिगोच्या बापानं मुलाच्या कीर्तीचा विचार केला होता असं समजायचं कारण नाही.

कौलारू

अनुनासिक, _/\_. क्रव्यादवरून इथपर्यंत येता येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एक शंका. रोदेरिकुसमधल्या 'क'चा रॉद्रिगोत 'ग' कसा झाला?

अनुनासिक

तुम्ही मुकुटाचा मुगुट आणि प्रकटाचा प्रगट कसा करता? तसाच. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' ढिला पडतो. लॅटिन 'आमिकुस'चं 'आमिगो' तिथेच झालं. मधला 'ए' जोर नसल्यानं खाल्ला गेला. रो-दे-री-कु, रो-द्री-गो.

आणि अरबांनी केलेली गंमत ऐका. अरबी इतिहासकार या शेवटच्या राजाला 'लुधरीक' म्हणतात. एकाच नावात दोन 'र' आले की पहिल्याचा 'ल' करायचा. हेही आपल्या ओळखीचं आहे. हरिद्रेची हळद झाली, दरिद्रीचा दळिद्री झाला. तिथेही दोनांतला पहिला 'र'च बळी गेला.

टपालपेटी

नाण्यांवर त्याचं नाव 'रुदेरिकुस' असं आहे, 'रो' नव्हे 'रु'. त्याची नाणी तोलेदोला आणि इजितानिया इथे पाडलेली सापडतात. इजितानिया म्हणजे आजचं पोर्तुगालमधलं इदान्या-आ-व्हेल्या, अगदी छोटं गाव.

हा राजा हरला त्याच्या पुढच्या काही दशकांतच जॉर्डनच्या वाळवंटात उमय्या खलिफांच्या घराण्यानं एक स्नानगृह-महाल बांधला, कुसैर अम्रा. त्याच्या भिंतीवर सहा राजे रंगवलेत. बिझंटाइन सम्राट, इराणचा खुसरो, अबिसिनियाचा (आजचा इथिओपिया) राजा नेगुस आणि त्यांच्या रांगेत आपला रोदेरिक. नावं ग्रीक आणि अरबी अशा दोन लिप्यांत. जिंकणाऱ्यानं हरलेल्याला इतक्या मानानं भिंतीवर बसवावं, कारण शत्रू मोठा दिसला की विजयही मोठा दिसतो.

त्याचं पुढे काय झालं याबद्दल नवव्या शतकाच्या अखेरच्या एका बखरीत आहे, की पोर्तुगालातल्या विसेउ गावी एक थडगं सापडलं, त्यावर लिहिलं होतं 'येथे गॉथांचा शेवटचा राजा रुदेरिकुस विसावला आहे'. बखरकार म्हणतो म्हणून. मी जबाबदार नाही.

अडीचघर

बुद्धिबळवाल्यांनो, कुठे आहात? रुय लोपेझ! राजापुढचं प्यादं दोन घरं, समोरच्याचंही तसंच, घोडा बाहेर, घोडा बाहेर आणि मग पांढरा उंट पाचव्या ओळीत जाऊन घोड्याच्या मानेवर बसतो. ही सुरुवात ज्याच्या नावानं ओळखतात तो रुय लोपेझ दे सेगुरा हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश पाद्री. त्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक १५६१चं.

तर 'रुय' म्हणजे रॉद्रिगोच. घाईत बोलताना आखूड झालेला. एल सिदलाही त्याच्यावरच्या जुन्या काव्यात रुय दियाझच म्हटलंय. पोर्तुगीजमध्ये तो 'रुइ' झाला आणि गोव्यातही रुइ भेटतात. रुयचा मुलगा तो रुइझ. म्हणजे रुइझ आणि रॉद्रिगेझ हे एकाच बापाचे दोन मुलगे, एक लाडाच्या नावाचा, एक कागदावरच्या.

अवांतर: लोपेझमध्ये जर्मानिक काही नाही. लोपे म्हणजे लॅटिन 'लुपुस', लांडगा. लोबो म्हणजेही लांडगाच.

सुकेळी

माझ्या वर्गात एक लोबो आणि एक लोपेस शेजारी बसायचे. दोघंही अत्यंत गरीब स्वभावाचे.

मानकुराद

गोव्याहून लिहितोय. ही आडनावं इथे आली कशी, हा प्रश्न राहिलाच की.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली. बाप्तिस्मा देताना नवं नाव द्यायचं आणि सोबत आडनाव यायचं ते बहुधा धर्मपित्याचं, किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं. धर्मपिता बऱ्याचदा पोर्तुगीज शिपाई, व्यापारी, अधिकारी. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांचे धर्मपिते वेगळे असले तर दोघांची आडनावं वेगळी. आणि एकमेकांचं रक्ताचं काही नातं नसलेल्या शंभर घरांचं आडनाव एक. म्हणून गोव्यात दोन रॉड्रिग्ज भेटले तर पहिला प्रश्न "गाव कुठलं?" असतो, नातं विचारत नाहीत.

कौलारूंच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे महत्त्वाचं आहे. कुलकर्णी, जोशी ही आडनावं त्या घरात कोण काय करत होतं ते सांगतात. रॉड्रिग्ज हे वसई-गोव्यातल्या घराबद्दल तसं काहीच सांगत नाही. तिथे '-चा मुलगा' हा अर्थ आधीच मेलेला होता. इथल्या पहिल्या रॉड्रिग्जचा बाप रॉड्रिगो नव्हता, तो कोणी म्हाळू, सांतू असणार.

आणि स्पेलिंगचं म्हणाल तर आमच्याकडे 'रॉड्रिक्स'ही आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०-२०२०) हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. उच्चाराला जवळ, इंग्रजी वळणाचं. म्हणजे सुकेळीताई, तुमच्या आजोबांचा शाळेचा दाखलाही चुकीचा नाही.

सुकेळी

@मानकुराद दादा, नात्याचं अगदी खरं. आमच्या आळीत निम्म्या घरांचं आडनाव एकच. मग पोस्टमनसकट सगळे घराच्या टोपणनावानं ओळखतात. कोणाच्या दारात चिंच म्हणून चिंचेवाले, कोणाचे आजोबा बोटीवर होते म्हणून तांडेल. म्हणजे आमचं खरं आडनाव ते, आणि कागदावरचं रॉड्रिग्ज.

चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, तरी आडनावं राहिली. मागच्या दहा पिढ्या तरी आम्ही त्याच नावानं भात लावतोय, केळी सुकवतोय.

मूळपुरुष

एक प्रामाणिक प्रश्न, भांडायला नाही. नाव जर गॉथ लोकांचं, ख्रिस्ताशी संबंध नसलेलं, तर चर्चला ते बाप्तिस्म्यात चाललं कसं?

टपालपेटी

चांगला प्रश्न. बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव द्यायचे ते पहिलं: पेद्रू, मारिया, फ्रान्सिस्कु, संतांचं. आडनाव नुसतं मागून यायचं.

शिवाय गॉथ तोवर ख्रिस्ती होऊन हजार वर्षं लोटली होती. सुरुवातीला ते एरियन पंथाचे, रोमच्या दृष्टीनं पाखंडी. राजा रेकारेदनं ५८९ साली तोलेदोच्या धर्मसभेत कॅथलिक पंथ पत्करला. आणि संत रॉड्रिगोही आहे! कॉर्दोबाचा पाद्री, ८५७ साली मारला गेला, १३ मार्चला त्याचा सण.

आता खरी मेख. १४९३मध्ये एका पोपनं फतवा काढून नव्या सापडणाऱ्या जगावर रेघ ओढली, पुढच्या वर्षी तोर्देसियासच्या तहात ती सरकवली, आणि पूर्व बाजू पोर्तुगालच्या वाट्याला गेली. पोर्तुगीज आपल्याकडे आले ते याच रेघेच्या बळावर. त्या पोपचं, सहाव्या अलेक्झांडरचं, घरचं नाव काय? रॉद्रिगो बोर्जा. आणि १४९२मध्ये कोलंबसच्या ताफ्यातल्या ज्या खलाशानं डोलकाठीवरून "जमीन!" असा पुकारा केला तो रॉद्रिगो दे त्रियाना.

घाटवळण

चहा गार झाला पण उठवत नाही.

माझ्याकडून एक चिल्लर भर. वेलिंग्टन. १८०३ साली आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. त्यानं १८१२मध्ये स्पेनमधलं सिउदाद रॉद्रिगो, म्हणजे 'रॉद्रिगो-पूर', फ्रेंचांकडून घेतलं आणि स्पेननं त्याला त्या गावाचा ड्यूक केला. म्हणजे असईचा विजेता रॉद्रिगोपूरचा जहागीरदार झाला.

आणि मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट! दिओगो रॉद्रिगेस या पोर्तुगीज खलाशावरून. मॉरिशसला मराठी मंडळी आहेतच, त्यातलं कोणी इथे असेल तर बेटाबद्दल लिहा. तिथे डोडोचा एक नातलग पक्षी होता, तोही डोडोसारखाच संपला.

पोर्तोवासी

गावावरून आठवलं. इथे उत्तरेला 'रोरीझ' नावाची गावं आहेत. ते म्हणजे 'रोदेरिकीची', म्हणजे रोदेरिकची वाडी. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कोणा जमीनदाराची मालकी षष्ठी विभक्तीत गोठून राहिलीय. आपल्याकडे 'बापटवाडी'तला बापट कधीच गेला, वाडी उरली, तसं. या पट्ट्यात अशी गॉथ-सुएबी मालकांची गावं खच्चून आहेत. गिमारायश हे मोठं शहर घ्या, त्याच्या पोटात वीमारा नावाचा माणूस आहे. दौरो नदीकाठी एका द्राक्षाच्या वाणालाही 'तिंता रोरीझ' म्हणतात. पिऊन पाहिली आहे. कीर्ती जाणवली, राजेपण दुसऱ्या ग्लासानंतर.

दिवेलागण

उशिरा आले धाग्यावर. इंग्लंड-स्कॉटलंडमधले रॉडरिक पण याच नावाचे ना? आणि रोरी?

अनुनासिक

इथे मोठा चकवा आहे. स्कॉटलंडमधला रॉडरिक बहुतेक वेळा मूळचा गेलिक (स्कॉटलंड-आयर्लंडची केल्टिक भाषा) 'रुअरी' असतो, इंग्रजी कागदांत बसवायला जवळचं दिसणारं जर्मानिक नाव त्याला चिकटवलं. वेल्समध्ये तसंच 'र्‍हुद्देर्ख'चं रॉडरिक केलं. आडनावांत तोच 'आप र्‍हुद्देर्ख', म्हणजे र्‍हुद्देर्खचा मुलगा, एकीकडे ब्रॉडरिक झाला आणि दुसरीकडे प्रॉथेरो. रोरी हा रुअरीचाच अवतार. त्याचा अर्थ 'लाल राजा'. 'रुअ' म्हणजे लाल, आपल्या रुधिर-रोहितचा सगा. 'री' म्हणजे राजा, पुन्हा तोच राज्. नावं वेगळी, पण शेपूट एकच. मूळपुरुषांना रुद्र हवा होता, रुधिरावर समाधान मानून घ्यावं.

खऱ्या रॉडरिकचा सर्वांत दूर गेलेला भाऊ पाहायचा तर रशियात जा. जुन्या रशियन बखरीत ८६२ साली ज्याला राज्य करायला बोलावलं असं लिहिलंय तो रुरिक, म्हणजे नॉर्स ह्रोरेकर. त्याच्या वंशानं सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत राज्य केलं.

दिवेलागण

मग चित्रकार रोरिक? कुलूला राहिलेले, हिमालयाची निळी चित्रं काढणारे. त्यांचे चिरंजीव स्वेतोस्लाव म्हणजे आपल्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींचे यजमान.

अनुनासिक

त्यांच्याबद्दल लिहिणारे 'कीर्तिसंपन्न' हाच अर्थ सांगतात, रुरिकशी नातं जोडून. पण घराणं बाल्टिक जर्मन, आणि जर्मनमध्ये 'र्‍योरिख' असं आडनाव लव्हाळ्याच्या बेटावरूनही पडतं. कोणता अर्थ आवडतो ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला लव्हाळी आवडली.

बाकी हे 'रिक' शेपूट ओळखायला लागलात की सगळीकडे दिसेल. फ्रीडरिख, हाइनरिख, उलरिख, एरिक. थिओडोरिकचं जर्मनमध्ये डीट्रिख, डचमध्ये डिर्क, फ्रेंचमध्ये थिएरी आणि इंग्रजीत डेरेक. वसईत डेरेक असतीलच, त्यांना सांगा. अमेरिगो व्हेस्पुचीचा अमेरिगोसुद्धा त्यातलाच, म्हणजे अमेरिकेच्या पोटातही हाच राज्. पुढचं अर्धं, 'ह्रोथ', ते रॉबर्टमध्ये, रॉजरमध्ये, रुडॉल्फमध्ये. रॉजर म्हणजे कीर्ती आणि भाला, रुडॉल्फ म्हणजे कीर्ती आणि लांडगा.

सुकेळी

पुन्हा लांडगा! लोबो, लोपेस, रुडॉल्फ. आमच्या पॅरिशमध्ये कळप आहे म्हणायचा.

मानकुराद

गोव्यातल्या इतर आडनावांत किती जर्मानिक आहेत ते मोजायला बसलो होतो. फर्नांडिस (फर्डिनांड, त्यातला 'नांद' म्हणजे धाडसी), गोन्साल्विस ('गुंद' म्हणजे युद्ध), हेन्रिक्स, अफोन्सो, मेंडिस. गोम्सही, त्यातला 'गुमा' म्हणजे माणूस. डायस, पिरिस, लोपेस, मार्टिन्स नाहीत. अर्धं गाव गॉथ आणि अर्धं लॅटिन निघालं. मडगावच्या बाजारात हे सांगितलं तर बांगडा स्वस्त मिळणार नाही, पण तरी.

पोर्तोवासी

जाता जाता एक स्पॅनिश गंमत. बायकामुलं सुट्टीला गावी गेली आणि नवरा नोकरीसाठी शहरात एकटाच राहिला, की तो 'रॉद्रिगेझ झालाय' असं म्हणतात. आडनाव इतकं सर्वसामान्य, की कोणालाही चालावं. त्या अर्थानं मी गेले पंधरा दिवस रॉद्रिगेझ आहे. वरणभात जमतो, पोळ्या विकत.

कौलारू

लेकीला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, "रॉड्रिग्ज = कीर्तिराजचा मुलगा (पण खरंच नाही)". मानकुरादांचा मुद्दा तिला बरोब्बर समजलाय, मला समजायला इतका मोठा धागा लागला.

सुकेळी

मी काल आजीला फोन केला. तिचं वय ८६. म्हटलं, "आजी, आपल्या नावाचा अर्थ कळला. नावाजलेला सरदार!" आजी म्हणाली, "बरं झालं. सरदारांना सांग, पंपाचं लाइटबिल आलंय."

आणि तिच्या ट्रंकेतून आजोबांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची एक फोटोकॉपी निघाली आहे, शाई फिकट आहे. पोर्तोवासी, आडनाव 'रोइझ' आहे. वर छोटी रेघ.